हिमवादळातील पवनचक्की : एका छायाचित्राची साधनचिकित्सा

घटनेच्या काळाशी जितके निकट, तितके साधन अधिक विश्वसनीय, हा दंडक महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनात रुजविण्याचे मोठे श्रेय वि. का. राजवाडे यांच्याकडे जाते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून बखरीपेक्षा अस्सल कागदाला मान देण्याची शिस्त अभ्यासकांच्या अंगवळणी पडली. बखर मागाहून लिहिली जाते, ती ऐकीव असते, तीत हेतू मिसळलेला असतो; पत्र मात्र त्या क्षणीचे असते, असा या दंडकामागील तर्क आहे. तथापि ज्या साधनात समकालीनता व ऐकीवपणा एकाच वेळी आणि एकाच ओळीत नांदतात, त्याची व्यवस्था कशी लावावयाची, हा प्रश्न समाजमाध्यमांनी नव्याने उभा केला आहे. स्वच्छ ऊर्जेसंबंधीच्या लोकचर्चेत या प्रश्नाचे स्वरूप विशेष स्पष्टपणे दिसते. त्याचे एक बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकेतील टेक्सास राज्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये झालेला वीजपुरवठ्याचा विध्वंस आणि त्या दिवसांत घरोघर पोहोचलेले एक छायाचित्र.

टेक्सासचे वीजजाळे देशातील इतर दोन मोठ्या जाळ्यांपासून जवळजवळ अलिप्त आहे. आंतरराज्य वीजव्यवहारावर मध्यवर्ती शासनाचे नियंत्रण आणणारा कायदा १९३५ साली झाला. त्या नियंत्रणाबाहेर राहावे म्हणून तेथील कंपन्यांनी आपली वीज राज्याच्या सीमेबाहेर न नेण्याचे धोरण पत्करले. पुढे १९७० साली स्थापन झालेली एरकॉट ही संस्था राज्यातील सुमारे नव्वद टक्के वीजभाराचे नियमन करते. पवनऊर्जा तेथे कोणा पर्यावरणवादी पंथाच्या आग्रहाने आली, असा समज असेल तर तो दूर केला पाहिजे. १९९९ च्या ज्या कायद्याने अक्षय ऊर्जेचे उद्दिष्ट घालून दिले, त्यावर स्वाक्षरी करणारे राज्यपाल जॉर्ज डब्ल्यू. बुश होते. पश्चिमेकडील वाऱ्याची वीज पूर्वेकडील शहरांत नेणाऱ्या वाहिन्यांचा मार्ग २००५ च्या कायद्याने मोकळा केला, तो रिक पेरी यांच्या कारकीर्दीत. दोघेही रिपब्लिकन पक्षाचे, आणि दोघांचेही राजकारण तेलाच्या मुलखात वाढलेले. २०२० साली एरकॉटच्या क्षेत्रातील विजेचा पाचवा हिस्सा, किंबहुना त्याहून काही अधिक, वाऱ्यापासून मिळत होता.

१४ फेब्रुवारी २०२१ च्या सुमारास उत्तरेकडील अतिशीत हवा राज्यभर पसरली. डॅलसचे तापमान १६ तारखेला शून्याखाली १९ अंशांच्या आसपास गेले. १५ तारखेच्या मध्यरात्रीनंतर वीजकेंद्रे एकामागून एक बंद पडू लागली, आणि जाळ्याची वारंवारिता ६० हर्ट्झवरून ५९.४ च्याही खाली उतरून चार मिनिटे तेवीस सेकंद तेथेच राहिली. ही अवस्था नऊ मिनिटे टिकली असती तर उरलेली केंद्रेही आपोआप सुटून संपूर्ण जाळे कोसळले असते. ते टाळण्यासाठी २०,००० मेगावॅटपर्यंतचा भार तोडण्यात आला. पंचेचाळीस लाखांहून अधिक घरे व आस्थापने अंधारात गेली. कित्येकांची वीज काही दिवस परतली नाही. राज्याच्या आरोग्यखात्याने या आपत्तीतील मृतांचा अधिकृत आकडा २४६ दिला. त्यांतील बहुसंख्य थंडीने गारठून मेले. काहींनी ऊब मिळविण्यासाठी बंद जागेत मोटार वा शेगडी पेटविली आणि ते विषारी वायूने दगावले.

याच दिवसांत ते छायाचित्र ट्विटरवर फिरू लागले. बर्फाने माखलेल्या पवनचक्कीच्या पात्यावर एक हेलिकॉप्टर कसलासा द्रव फवारीत आहे, असे त्याचे दृश्य होते. सोबतच्या मजकुराचा आशय असा, की खनिज इंधनावर उडणारे यंत्र खनिज तेलापासूनच बनविलेले रसायन शिंपडून खनिज इंधनाच्या साह्याने घडविलेल्या चक्कीची सुटका करीत आहे. विरोधाभास एका दृष्टिक्षेपात उमगणारा होता. मजकूर वाचावयास दहा सेकंदही लागत नव्हते. लक्षावधी लोकांपर्यंत तो गेला यात नवल नाही.

बाह्य चिकित्सेच्या पहिल्याच कसोटीवर हे साधन उतरत नाही. छायाचित्र टेक्सासचे नव्हते, स्वीडनचे होते. २०२१ चेही नव्हते, त्याच्या कित्येक वर्षे आधीचे होते. अंतर्गत चिकित्सेनेही निष्कर्ष बदलत नाही. फवारले जात होते ते रसायन नव्हते, साधे तापविलेले पाणी होते. शिवाय चित्राचा खरा अर्थ त्याला दिलेल्या अर्थाच्या जवळजवळ उलट निघतो. स्वीडनसारख्या शीत प्रदेशात पवनचक्क्या चालतात, त्यांवर बर्फ साचते, आणि ते काढण्याचे उपाय तेथील लोकांनी शोधलेले आहेत, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

परंतु चित्र चुकीचे ठरल्याने त्याचे ऐतिहासिक महत्त्व संपत नाही. बनावट सनदेचा अभ्यास ज्या कारणासाठी करावयाचा, त्याच कारणासाठी याचाही करावा लागतो : ते कोणास हवे होते, आणि का? राज्याचे कृषिआयुक्त सिड मिलर यांनी फेसबुकवर लिहिले, की टेक्सासात यापुढे एकही पवनचक्की उभारू नये. १६ फेब्रुवारीच्या रात्री राज्यपाल ग्रेग अॅबट यांनी दूरचित्रवाणीवरून देशभरच्या प्रेक्षकांना सांगितले, की वारा व सूर्य यांची वीज बंद पडल्यामुळे राज्य संकटात सापडले. दुसऱ्याच दिवशी त्यांना खुलासा करावा लागला, की विजेचा प्रत्येकच स्रोत बाधित झाला होता. खुलाशाला पहिल्या विधानाचा वेग मिळाला नाही. तसा तो क्वचितच मिळतो.

वस्तुस्थितीचा अंदाज त्याच दिवशी उपलब्ध होता. एरकॉटच्या अधिकाऱ्यांनी १६ तारखेस दिलेल्या आकड्यांप्रमाणे बंद पडलेल्या क्षमतेपैकी सुमारे ३०,००० मेगावॅट औष्णिक, म्हणजे मुख्यतः नैसर्गिक वायू, कोळसा व अणुशक्ती यांची होती, तर सुमारे १६,००० मेगावॅट अक्षय स्रोतांची. मध्यवर्ती ऊर्जा नियामक आयोग व विद्युत विश्वसनीयता महामंडळ यांचा संयुक्त अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये बाहेर आला. टेक्सास व शेजारील प्रदेशांतील १,०४५ उत्पादक संच त्या काळात बंद पडले वा मंदावले, आणि त्यांपैकी ५८ टक्के संच नैसर्गिक वायूवरचे होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. विहिरीच्या तोंडाशी व नळांत पाणी गोठून वायूचा पुरवठा आटला. पुरवठा आटल्याने वीजकेंद्रे थांबली. वीज तोडताना वायू ढकलणाऱ्या यंत्रांचीही वीज गेली, आणि पुरवठा आणखी आटला. हे दुष्टचक्र एका चित्रात मावणारे नाही. त्यास खलनायक नाही. गोठलेल्या झडपा आणि अपुरी कागदपत्रे आहेत.

याउलट, अक्षय ऊर्जेच्या कैवाऱ्यांनी उत्तरादाखल जे पसरविले तेही निखळ सत्य नव्हे. अंटार्क्टिकात पवनचक्क्या सुरळीत चालतात, हे चित्र व वाक्य त्या आठवड्यात वारंवार पुढे करण्यात आले. चालतात हे खरे. परंतु त्या तशा हवेसाठी सज्ज केलेल्या असतात. टेक्सासमधील चक्क्यांवर तो खर्च केला गेला नव्हता, आणि त्यांतील बऱ्याच गोठल्या होत्या. थंडीपासून संरक्षणाची शिफारस फेब्रुवारी २०११ च्या तशाच संकटानंतरच्या चौकशीत स्पष्टपणे करण्यात आली होती. दहा वर्षांत तिची सक्ती झाली नाही. दोन्ही पक्षांच्या चित्रांनी झाकले ते नेमके हेच : वाद इंधनाच्या जातीचा ठरला, आणि निष्काळजीपणाचा प्रश्न मागे पडला.

तरीही समाजमाध्यमांनी धोरण घडविले, असे सरसकट विधान करणे धाडसाचे होईल. जून २०२१ मध्ये झालेल्या कायद्याने सर्वच प्रकारच्या वीजकेंद्रांवर, तसेच वायुपुरवठ्याच्या महत्त्वाच्या दुव्यांवर, थंडीपासून संरक्षणाची जबाबदारी टाकली. तो छायाचित्राला नव्हे, वस्तुस्थितीला धरून होता. पण त्यानंतर महिन्याभरातच, ६ जुलै रोजी, राज्यपालांनी नियामक मंडळास पत्र लिहून विश्वसनीयतेचा खर्च वारा व सूर्य यांच्या विजेवर बसविण्याची सूचना केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मतदारांनी मान्य केलेल्या ऊर्जानिधीतून हवी तेव्हा चालविता येणाऱ्या, व्यवहारतः वायूच्या, केंद्रांना कर्जे द्यावयाची होती. या निर्णयांत त्या आठवड्याच्या चर्चेचा वाटा किती आणि जुन्या हितसंबंधांचा किती, हे आज वेगळे काढता येत नाही. दुसरीकडे, पवनऊर्जेत हे राज्य देशात अग्रेसरच राहिले; गोठलेल्या चक्कीची चेष्टा करणाऱ्या मुलखात त्या चक्क्यांचे भाडे जमीनमालकांच्या खात्यात जमा होतच होते.

मुळशी सत्याग्रहाचा अभ्यासक या बाबतीत सुदैवी म्हणावा लागेल. १९२१ ते १९२४ या काळात जलविद्युत धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी घ्याव्यात की नाही, यावर पुण्यामुंबईच्या पत्रांतून जे रण माजले, त्याचे अंक बांधणी करून ग्रंथालयांत ठेवलेले आहेत. दिनांक, संपादक, मजकुराचा क्रम, सारे तपासता येते. टेक्सासच्या अभ्यासकाची स्थिती निराळी आहे. वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१० मध्ये ट्विटरवरील समग्र सार्वजनिक लेखन जतन करण्याचे अंगावर घेतले होते. १ जानेवारी २०१८ पासून मात्र केवळ निवडक लेखन घेतले जाऊ लागले. संशोधकांना ट्विटरची सामग्री विनामूल्य मिळण्याची सोय २०२३ मध्ये बंद झाली, आणि फेसबुकवरील प्रसाराचा मागोवा घेण्याचे क्राउडटँगल हे साधन त्याच्या मालक कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये गुंडाळले. दप्तर खाजगी मालकीचे, आणि किल्ली मालकाच्या मर्जीची, अशी ही अवस्था आहे. परिणामी फेब्रुवारी २०२१ मधील पुष्कळसा मजकूर आज वृत्तपत्रांनी दिलेल्या उताऱ्यांतून व इतरांनी टिपून ठेवलेल्या प्रतिमांतूनच हाती लागतो. म्हणजे समकालीन साधन पुन्हा बखरीच्याच रूपात समोर येते.

पडताळणीसाठी भक्कम आधार उरतो तो २५ फेब्रुवारीपासून राज्य विधिमंडळाच्या समित्यांपुढे झालेल्या साक्षींचा. वायुपुरवठ्याच्या कित्येक केंद्रांनी आपली वीज तोडू नये अशी नोंद करणारा अर्ज वितरण कंपनीकडे भरलेलाच नव्हता, हे तेथे उघड झाले. त्या अर्जाचे छायाचित्र कोणीही प्रसृत केले नाही.