आडनाव झाकलेली उत्तरपत्रिका

यवतमाळात आडनाव सांगितले की पुढचे फारसे विचारावे लागत नाही. राठोड म्हटले की पुसद-दिग्रसकडील तांडे, मडावी किंवा आत्राम म्हटले की केळापूर-झरीकडील आदिवासी वस्त्या ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. अर्जाच्या पहिल्याच रकान्यात ही ओळख उतरते. सरकारी भरतीत ती झाकावी की उघडी ठेवावी, हा वाद जुना आहे.

१८५५ साली लंडनमध्ये सनदी सेवेची पहिली स्पर्धा परीक्षा झाली. तोवर कंपनीच्या संचालकांची शिफारस हीच पात्रता होती. आता तिची जागा गुणांनी घेतली. मात्र भारतीय उमेदवाराला परीक्षेसाठी समुद्र ओलांडावा लागे आणि ही अट १९२२ पर्यंत टिकली. नियम सर्वांना समान होता. प्रवासाचा खर्च कोणाला परवडतो, हे त्याने पाहिलेच नाही.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी नेमकी उलट वाट धरली. १८९४ मध्ये संस्थानाच्या प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. येथे जात झाकून चालणारच नव्हते. ती मोजावी लागणार होती.

आजची पद्धत या दोन्ही वाटांची सांगड घालते. अर्जात प्रवर्ग नोंदवला जातो, पण लेखी उत्तरपत्रिकेवर नाव किंवा ओळखीची खूण करता येत नाही. तपासणाऱ्यापुढे केवळ उत्तर असते. खरा पेच मुलाखतीच्या टेबलावर येतो, कारण तेथे चेहरा, बोली, गाव, सारेच उघडे पडते.

आडनावाची किंमत मोजण्याचे काम अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या सुखदेव थोरात यांनी पॉल ॲटवेल यांच्यासह केले. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, आडनावे वेगळी. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश, तर मुस्लिम नावाला एक तृतीयांश होती. तेथे तर मुलाखतीपर्यंतही पोहोचायचे नव्हते. कागदावरच निकाल लागत होता.

निनावी अर्ज हा मात्र रामबाण नव्हे. फ्रान्समध्ये २००९-१० च्या प्रयोगात नाव झाकल्यावर स्थलांतरित वस्त्यांतील उमेदवारांना मुलाखतीची बोलावणी उलट कमी आली. नाव गेले, तसा शिक्षणातील खंड किंवा अपुरा अनुभव समजून घेण्याचा संदर्भही गेला, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. मला ते पटते. तांड्यावरून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील मुलाच्या अर्जात असा खंड दिसेल, त्याचे कारण दिसणार नाही.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ब (अराजपत्रित), क आणि ड पदांच्या मुलाखती बंद केल्या. वरच्या पदांच्या मुलाखती मात्र चालूच राहिल्या.