लांकडाची साद आणि गळ्याची साद

अमेरिकेंतील शिकारी रानटी टर्की पक्ष्यास बोलाविण्यासाठीं लांकडाची पेटी वाजवितात. १८९७ सालीं हेन्री गिब्सन यांनीं अशा पेटीचें पेटंट घेतलें. तिच्या पातळ फळीच्या कडेवर झांकण घांसलें कीं मादीची साद उमटते.

वऱ्हाडांत हेंच काम मनुष्याच्या गळ्यानें केलें. अमरावती-अकोल्याच्या माळरानांवर फासेपारधी तित्तिराची हुबेहूब साद घालीत आणि पक्षी फाशाकडे ओढून आणीत. येथें लांकूड पारखावयाचें नव्हतें. पारखावयाचा होता तो कान, आणि तो बाळपणापासूनच घडवावा लागे.

पुढें या विद्येस ग्रहण लागलें. १८७१ पासूनच्या कायद्यांनीं अनेक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो कलंक पारध्यांच्याही माथीं आला. १९५२ सालीं कायदा गेला, संशय मात्र राहिला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीवर कडक निर्बंध आले, आणि तें योग्यच होतें. परंतु उपजीविकेचा प्रश्न सुटला नाहीं.

आज अकोला-वाशीमच्या गवताळ रानांत दुर्मिळ तणमोराचा ठाव लावण्यास याच जमातीचें ज्ञान उपयोगीं पडत आहे. ज्यांस समाजानें दूर लोटलें, त्यांच्याच कानीं आपल्या रानाची भाषा जतन झाली आहे.