चिठ्ठीवर जेवणारी फौज : सतराव्या शतकातील इंग्लंडचे सैनिक आणि सामान्य जन

इंग्लंडच्या यादवी युद्धाची कथा बहुधा राजा विरुद्ध पार्लमेंट अशी सांगितली जाते. मार्स्टन मूर, नेझबी आणि अखेरीस चार्ल्सचा शिरच्छेद. मात्र त्या पिढीतील बहुसंख्य इंग्रजांनी एकही लढाई पाहिली नाही. त्यांच्याकडे युद्ध आले ते थेट स्वयंपाकघरात, पगार थकलेल्या सैनिकाच्या रूपाने.

या कथेची सुरुवात यादवीच्या आधीची आहे. १६२५ साली स्पेनच्या कादिझवर आणि १६२७ साली फ्रान्सच्या इल द रे बेटावर इंग्लंडने मोहिमा काढल्या. दोहोंमागे पहिल्या चार्ल्सचा लाडका मंत्री, बकिंगहॅमचा ड्यूक होता आणि दोन्ही साफ फसल्या. आजारी, उपाशी सैनिक किनाऱ्यावर उतरले तेव्हा त्यांना ठेवायचे कोठे, हा प्रश्न उभा राहिला. कारण देशात बराकी जवळजवळ नव्हत्याच. दक्षिणेकडील परगण्यांत त्यांना लोकांच्या घरी उतरवण्यात आले. जेवणाखाण्याचे पैसे पुढे मिळतील, असे आश्वासन होते. खजिन्यात मात्र खडखडाट होता.

१६२८ च्या ‘पिटिशन ऑफ राइट’मधील दोन मागण्या सर्वांच्या लक्षात राहतात : पार्लमेंटच्या संमतीवाचून कर नको आणि कारण न दाखवता तुरुंगवास नको. उरलेल्या दोन पाठ्यपुस्तकांत एका ओळीत आटोपतात, हा अन्यायच आहे. लोकांच्या घरी सक्तीने सैनिक ठेवू नयेत आणि शांततेच्या काळात लष्करी कायदा लादू नये, या त्या मागण्या. म्हणजे या विख्यात दस्तऐवजाचा निम्मा भाग सैनिकांच्या उपद्रवाविषयी आहे.

पण सैनिकही याच व्यवस्थेचा बळी होता. २३ ऑगस्ट १६२८ रोजी पोर्टस्मथ येथे बकिंगहॅमचा सुऱ्याने खून झाला. मारेकरी जॉन फेल्टन हा त्याच्याच मोहिमेतील लेफ्टनंट होता. पगार थकलेला, बढती नाकारलेला. त्याला फाशी झाली, परंतु लोकांनी त्याच्या नावाने पेले उंचावले.

१६४२ मध्ये यादवी पेटली आणि पूर्वीचा अपवाद हाच नियम झाला. या पद्धतीला ‘फ्री क्वार्टर’ म्हणत. नावातला ‘फ्री’ अर्थातच सैनिकाच्या बाजूचा. तुकडी गावात उतरे, घरे वाटून घेई, माणसे आणि घोडे तिथे जेवत. निघताना अधिकाऱ्याने यजमानाला एक चिठ्ठी द्यावी, अशी अपेक्षा असे : इतकी माणसे, इतके घोडे, इतके दिवस. ही चिठ्ठी म्हणजे सरकारचे देणे. पुष्कळदा ती मिळतच नसे, मिळाली तरी वटत नसे. पार्लमेंटच्या पायदळ सैनिकाचा रोज आठ पेन्स होता, म्हणजे साध्या मजुराच्या रोजाइतकाच. तोही थकला की त्याचा भार ज्याच्या छपराखाली तो झोपे त्याच्यावर पडे. दोन्ही पक्षांच्या ठाण्यांच्या मध्ये सापडलेल्या गावांची तर दुहेरी कोंडी होती. एकीकडे राजाची खंडणी भरायची, दुसरीकडे पार्लमेंटची, आणि चुकारपणा केल्यास दोघांकडूनही जप्तीची धमकी. ‘प्लंडर’ हा लुटीचा शब्द इंग्रजीत याच सुमारास रुळला, तोही जर्मनीतील तीस वर्षांच्या युद्धातून आलेला.

१६४५ साली सहनशीलता संपली. वूस्टरशर, हेरफर्डशरपासून डॉर्सेट, विल्टशर, सॉमरसेटपर्यंत शेतकरी सोटे, कोयते, दाताळी घेऊन एकत्र आले. त्यांना ‘क्लबमेन’ म्हणत. ‘क्लब’ म्हणजे सोटा. खूण म्हणून ते पांढऱ्या फिती लावत. त्यांना ना राजा हवा होता ना पार्लमेंट. आपल्या परगण्यातून सैन्य जावे, एवढेच त्यांचे मागणे. त्यांना अडाणी जमाव समजणे चूक ठरेल. त्यांच्यात खाऊनपिऊन सुखी शेतकरी होते, धर्मोपदेशक होते आणि त्यांनी दोन्ही पक्षांकडे रीतसर अर्ज धाडले होते.

त्यांचा कल कोणाकडे झुकला, हे बोलके आहे. सॉमरसेटमध्ये राजपक्षाचा सेनानी गोरिंग याच्या घोडदळाने लुटीचा कहर केला होता. उलट फेअरफॅक्सच्या ‘न्यू मॉडेल आर्मी’ला त्या उन्हाळ्यात पगार बऱ्यापैकी मिळत होता, धान्याचे दाम रोख मोजले जात होते आणि लुटारूंना शिक्षा होत होती. १० जुलैला लँगपोर्टच्या लढाईत गोरिंग हरला, तेव्हा पळणाऱ्या राजपक्षीयांवर क्लबमेन तुटून पडले. जी फौज पैसे देत होती, ती त्यांना कमी परकी वाटली.

डॉर्सेटमध्ये मात्र निराळे घडले. ४ ऑगस्टला हॅम्बल्डन टेकडीवरील प्राचीन तटबंदीत सुमारे दोन हजार क्लबमेन जमले. क्रॉमवेलची समोरची चढाई त्यांनी रोखून धरली. शेवटी डेझबरोच्या घोडदळाने मागून येऊन त्यांना उधळले. सुमारे तीनशे जण पकडून श्रोटनच्या चर्चमध्ये कोंडण्यात आले. क्रॉमवेलने फेअरफॅक्सला कळवले की मृतांची संख्या डझनाच्याही आत असावी, कैद्यांपैकी पुष्कळसे बिचारे भोळे जीव आहेत, त्यांना घरी जाऊ द्यावे.

युद्ध जिंकल्यावर हिशेबाची वेळ आली. १६४७ च्या वसंतात पायदळाचे अठरा आठवड्यांचे, तर घोडदळाचे त्रेचाळीस आठवड्यांचे वेतन थकले होते. सैनिकांना आणखी एक भय होते. युद्धात हुकमावरून ज्यांचे घोडे नेले, तेच लोक आता न्यायालयात चोरीचे खटले भरत होते. पार्लमेंटच्या सेवेत केलेल्या कृत्यांबद्दल सैनिकावर खटला चालू नये, यासाठी मे आणि जून १६४७ मध्ये वटहुकूम काढावे लागले. सैनिकाच्या दृष्टीने ही न्याय्य सूट होती. ज्या शेतकऱ्याचा नांगरणीचा घोडा गेला, त्याच्या दृष्टीने दुसरी लूट. सैन्याने पुढे राजकारणात जी उडी घेतली, तिच्या मुळाशी तत्त्वांइतकीच ही थकबाकी होती.

१६६० मध्ये राजेशाही परतली आणि ती फौज विसर्जित झाली. सैनिकांना उमेदवारी न करताही व्यवसाय करता यावा, म्हणून खास कायदा झाला. १६७९ च्या कायद्याने घरमालकाच्या संमतीविना घरात सैनिक ठेवण्यास मनाई केली. दुसऱ्या जेम्सने मोठी फौज उभारली, तेव्हा हा प्रश्न पुन्हा चिघळला. १६८९ च्या ‘बिल ऑफ राइट्स’मध्ये बेकायदा सैनिक उतरवल्याची तक्रार नोंदली गेली आणि शांततेच्या काळात पार्लमेंटच्या संमतीवाचून खडी फौज ठेवणे बेकायदा ठरले. अमेरिकेच्या राज्यघटनेतील १७९१ ची तिसरी दुरुस्ती याच परंपरेतली.

खासगी घरांची सुटका झाली. सैनिकांना मात्र कोठेतरी झोपायचेच होते. त्यामुळे पुढील कायद्यांनी त्यांची रवानगी खाणावळी, दारूचे गुत्ते आणि भाड्याच्या घोड्यांचे तबेले यांत केली, दर सरकारने ठरवलेले. १७९० च्या दशकात फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर मोठ्या प्रमाणावर बराकी उभ्या राहू लागल्या. तोवर शतकभर इंग्लंडचे खाणावळवाले सैन्याला नाइलाजाने जेवू घालत राहिले.