कोसळायला हवा होता असा अणू

डोळे अंधाराला सरावेपर्यंत मुकाट बसा. साल १९०९, मँचेस्टर विद्यापीठाची प्रयोगशाळा. शेजारी अर्नेस्ट मार्सडेन, वय वर्षं वीस, अजून पदवीचा विद्यार्थी. सूक्ष्मदर्शकातून तो झिंक सल्फाइडच्या पडद्यावरच्या ठिणग्या मोजतोय. तुम्हीही वाका. अल्फा कण धातूच्या पातळ पत्र्यावर आदळताहेत, आणि पडदा पत्र्याच्या पलीकडे नाही, अलीकडे आहे. जे. जे. थॉमसन म्हणतात तसा अणू असता, म्हणजे कलिंगडाच्या गरासारखा पसरलेला धनभार आणि त्यात बियांसारखे इलेक्ट्रॉन, तर इथे काहीच दिसायला नको. पण लुकलुकलं! पुन्हा एकदा. प्लॅटिनमवरून सुमारे आठ हजारांत एक कण माघारी फिरतो.

आता दोन वर्षं पुढे सरका. मे १९११च्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये या प्रयोगशाळेचे प्रमुख रदरफोर्ड यांचा निबंध आलाय. अणूचा भार मधोमध, चिमुकल्या जागेत एकवटलेला. तो धन की ऋण, हे या हिशेबातून ठरत नाही, असंही त्यांनी सरळ लिहून टाकलंय. वाचता वाचता तुम्ही अडखळता. मॅक्सवेलच्या नियमांप्रमाणे केंद्राभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन सतत ऊर्जा उधळणार आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत केंद्रात जाऊन पडणार. पडता पडता सगळ्या रंगांचा प्रकाश सोडणार. हायड्रोजनच्या वर्णपटात तर मोजक्याच रेघा दिसतात. बामरनी त्यांचं सूत्र १८८५मध्येच दिलेलं. मग तुम्ही बसलाय ती खुर्ची अजून शाबूत कशी?

निबंधात पाहा: अणूच्या स्थैर्याचा विचार सध्या करायची गरज नाही, एवढंच म्हणून रदरफोर्ड पुढे जातात. काहींना ही पळवाट वाटेल. मला नाही वाटत. त्यांच्या हातात विखुरलेल्या कणांचा हिशेब होता, तेवढाच त्यांनी चोख मांडला.

मार्च १९१२मध्ये केंब्रिजहून नील्स बोर इथे येतात, वय २६. जी अडचण रदरफोर्डनी बाजूला ठेवली, तिलाच ते हात घालतात. वर्षभराने कोपनहेगनहून त्यांचं हस्तलिखित येतं: ठरावीक कक्षांत इलेक्ट्रॉन प्रकाश सोडतच नाही, सोडतो तो एका कक्षेतून दुसरीत जाताना. का सोडत नाही? तसं गृहीत धरलंय म्हणून!

रदरफोर्ड उत्तर लिहिताहेत, डोकावून बघा. लेख फार लांबलाय, कापा. आणि कुठे थांबायचं हे इलेक्ट्रॉनला आधीच कसं कळतं? बोर स्वतः मँचेस्टरला धडकतात, रात्री वाद घालून जवळजवळ सगळा मजकूर राखून घेतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांच्याकडेही नाही.