झेंडूची रांग आणि कपाशीची अळी

१/ दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा मेक्सिकोचा. अमेरिका खंडाशी युरोपचा संपर्क आल्यानंतर तो सागरमार्गे भारतात पोहोचला.

२/ घाटंजीसारख्या कपाशीच्या तालुक्यात त्याचा आणखी एक उपयोग आहे. हिरव्या बोंडअळीची मादी झेंडूवर अंडी घालते. म्हणून कपाशीच्या कडेने झेंडू लावून अळ्या तेथेच वेचता येतात. यालाच ‘सापळा पीक’ म्हणतात.

३/ २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. हिरव्या बोंडअळीचे भय ओसरले. पुढे गुलाबी बोंडअळीने मात्र या बियाण्यालाही दाद दिली नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीच्या विषबाधेने किमान वीसजण दगावले. त्यांत शेतकरी होते, शेतमजूरही.

४/ झेंडूने हे मृत्यू टळले असते, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. गुलाबी अळी बोंडाच्या आत दडते. झेंडूकडे ती वळत नाही. तिच्यासाठी कामगंध सापळे लावावे लागतात आणि फरदड टाळावी लागते.

५/ झेंडूची रांग शिकवते ते एवढेच : आधी कीड ओळखावी, मग उपाय निवडावा. फवारणीचा पंप पाठीवर चढतो तो सर्वांत शेवटी.