थंडीने उठणारे पित्त : बंगळुरूच्या सौम्य हवेतला दुर्लक्षित विकार

गार हवा, गार पाणी किंवा गार वस्तूचा स्पर्श झाल्यावर काही मिनिटांतच त्वचेवर लालसर, फुगीर आणि खाज सुटणाऱ्या गांधी उठणे, या विकारास वैद्यकशास्त्रात कोल्ड अर्टिकेरिया असे नाव आहे. बोलीभाषेत त्याला थंडीची ॲलर्जी किंवा थंडीचे पित्त म्हटले जाते. त्याचे प्रमाण लोकसंख्येच्या सुमारे ०.०५ टक्के, म्हणजे दोन हजारांत एक असे मानले जाते. तरुण वयात तो अधिक आढळतो आणि पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण जास्त असते. बहुतेकांना त्याचा त्रास खाजेपुरताच होतो. काही रुग्णांना मात्र पोहताना किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी त्यापासून जिवाला धोका संभवतो. हा धोका टाळता येण्यासारखा असल्याने विकाराची वेळीच ओळख पटणे महत्त्वाचे ठरते.

हा हिमाच्छादित प्रदेशातला रोग असावा, असा सर्वसाधारण समज आहे. बंगळुरूच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूरसारखा परिसर हा समज खोटा ठरवतो. आऊटर रिंग रोडच्या दुतर्फा माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची संकुले उभी राहिल्यानंतर पुणे, नाशिक, कोल्हापूर, बेळगाव अशा ठिकाणांहून आलेली अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या या शहरात कडाक्याची थंडी पडत नाही. जानेवारीतले सरासरी किमान तापमान १६ अंश सेल्सियसच्या आसपास राहते. १३ जानेवारी १८८४ रोजी नोंदलेले ७.८ अंश हे शहरातले आजवरचे नीचांकी तापमान समजले जाते. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला हा आकडा किरकोळच वाटेल.

परंतु या विकारात हवामान खात्याच्या आकड्यापेक्षा त्वचेचे तापमान किती आणि किती वेगाने उतरले, याला अधिक महत्त्व असते. प्रत्येक रुग्णाच्या त्वचेची एक उंबरठा-मर्यादा असते. कोणाला बर्फाच्या स्पर्शानेच गांधी उठतात, तर कोणाला वीस अंशांहून अधिक तापमानही पुरते. उंबरठा जितका वरचा, तितका विकार अधिक त्रासदायक, असा अनुभव आहे. हवेची झुळूक आणि अंगावरचा ओलावा हे दोन घटक त्यात भर घालतात. डिसेंबरच्या पहाटे दुचाकीवरून सर्जापूर रस्त्याने जाणाऱ्याच्या हातांना व चेहऱ्याला लागणारा वारा, घामाने भिजलेल्या अंगाने वातानुकूलित बसमध्ये चढणे किंवा जूनपासून नोव्हेंबरपर्यंत केव्हाही गाठणारा पाऊस, यांपैकी कोणतेही कारण पुरेसे असते. बंगळुरूला नैर्ऋत्य आणि ईशान्य अशा दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस मिळतो. त्यामुळे येथील रुग्णाच्या दृष्टीने त्रासाचा हंगाम केवळ हिवाळ्यापुरता राहत नाही. सप्टेंबर २०२२ मधील अतिवृष्टीत आऊटर रिंग रोड आणि बेळ्ळंदूरमधील कार्यालयीन संकुले पाण्याखाली गेली व नोकरदारांना ट्रॅक्टरमधून ये-जा करावी लागली. ओल्या कपड्यांत तासन्‌तास राहण्याची अशी वेळ या रुग्णांनी टाळलेली बरी.

त्वचेत नेमके काय घडते

त्वचेमध्ये मास्ट पेशी नावाच्या पेशी विखुरलेल्या असतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांनी १८७८ मध्ये त्यांचे वर्णन केले. पेशीत ठासून भरलेले कण पाहून त्यांना या पेशी खाऊन-पिऊन पुष्ट झालेल्या वाटल्या आणि त्या अर्थाचेच जर्मन नाव त्यांनी दिले. ते कण प्रत्यक्षात अन्नाचे नसून हिस्टामिनसारख्या द्रव्यांचा तो साठा असतो. थंडीच्या संपर्कानंतर हा साठा बाहेर पडतो, सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून द्रव झिरपतो आणि त्वचेवर फुगवटा येतो. मज्जातंतूंची टोके उत्तेजित झाल्याने खाज सुटते. विशेष म्हणजे, त्वचा गार असताना नव्हे तर ती पुन्हा ऊब धरू लागते तेव्हा गांधी ठळकपणे दिसतात. म्हणूनच अनेकांना थंडीचा संबंध लक्षात येत नाही. बाहेरून घरात आल्यावर अंगावर उठले, तेव्हा घरातलेच काहीतरी बाधले असावे, असे त्यांना वाटते.

मास्ट पेशी थंडीने का उद्दीपित होतात, याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. काही रुग्णांच्या रक्तातील द्रव निरोगी व्यक्तीच्या त्वचेत टोचल्यास तेथेही थंडीने गांध उठते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. त्यावरून आयजीई या प्रतिपिंडाचा यात सहभाग असावा, असे मानले जाते. काही वेळा विषाणुसंसर्गानंतर हा विकार सुरू होतो. क्वचित रक्तातील क्रायोग्लोब्युलिन ही थंडीत गोठणारी प्रथिने त्यामागे असतात. अशा वेळी हिपॅटायटिस सी किंवा रक्ताच्या अन्य आजाराचा शोध घ्यावा लागतो. बहुसंख्य रुग्णांत मात्र कोणतेही मूळ कारण सापडत नाही.

नाव जुने, अर्थ नवा

अंगावर गांधी उठण्याला आयुर्वेदात शीतपित्त ही संज्ञा आहे. माधवनिदान या रोगनिदानावरील प्राचीन ग्रंथात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांचे एकत्रित विवेचन आढळते. थंड वाऱ्याच्या स्पर्शाने कफ आणि वात प्रकुपित होऊन पित्ताशी मिळतात आणि गांधीलमाशी चावल्यासारखी सूज त्वचेवर येते, असे तेथे सांगितले आहे. पुढे हा शब्द सर्व प्रकारच्या गांधींसाठी सरसकट रूढ झाला. वास्तविक त्याचे शब्दशः वर्णन थंडीने उठणाऱ्या प्रकाराला सर्वाधिक लागू पडते. ‘पित्त’ या शब्दामुळे आम्लपित्ताशी गल्लत होते, ही त्याची दुसरी बाजू. छातीत जळजळ आणि अंगावरच्या गांधी या दोहोंना एकच नाव असल्याने पुष्कळ रुग्ण महिनोन्‌महिने आम्लपित्ताच्या गोळ्या घेत राहतात.

घरगुती उपायांच्या बाबतीतही विवेक हवा. आमसुलाचे पाणी अंगाला लावण्याची पद्धत कोकणापासून बेळगावपर्यंत प्रचलित आहे. ते पाणी गार असल्यास थंडीच्या पित्तात त्रास वाढण्याचीच शक्यता अधिक. कॅलामाइनसारखी वाळताना त्वचा गार करणारी औषधे आणि खाज शमवण्यासाठी बर्फ चोळणे, हे इतर गांधींत आराम देणारे उपाय येथे उलटतात. त्यामानाने अंग कोरडे करून चादर किंवा शाल लपेटून बसणे हा आजीबाईंचा सल्ला अधिक शास्त्रशुद्ध म्हणावा लागेल.

निदान : बर्फाचा एक तुकडा

निदानाची प्रमुख चाचणी अत्यंत साधी आहे. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचा तुकडा व थोडे पाणी घेऊन ती हाताच्या पुढच्या भागावर पाच मिनिटे ठेवतात. पिशवी काढल्यानंतर दहा मिनिटांनी त्या जागी फुगीर गांध दिसल्यास चाचणी होकारार्थी समजली जाते. केवळ लाली आल्यास ती होकारार्थी ठरत नाही. चाचणीपूर्वी काही दिवस ॲलर्जीविरोधी गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. तीव्र प्रतिक्रियेची शक्यता लक्षात घेता ती घरी न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली करणेच उचित. काही केंद्रांत चार ते चव्वेचाळीस अंशांपर्यंतच्या तापमानांची पट्टी असलेले विद्युत उपकरण वापरून रुग्णाचा नेमका उंबरठा मोजला जातो.

चाचणी नकारार्थी आली म्हणजे विकार नाहीच, असे मात्र नाही. काहींना सर्वांग गार पडल्यावरच गांधी उठतात. काही दुर्मीळ प्रकार आनुवंशिक असतात. त्यांपैकी एकात थंडीनंतर काही तासांनी पुरळाबरोबर ताप, सांधेदुखी आणि डोळे लाल होणे ही लक्षणे दिसतात. त्याला कारणीभूत असलेल्या जनुकातील दोष २००१ मध्ये उघडकीस आला. दुसऱ्या एका प्रकारात बर्फाने काहीच होत नाही, पण ओल्या त्वचेवरून वारा गेला की गांधी उठतात. कुटुंबात अनेकांना लहानपणापासून असा त्रास असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

बेळ्ळंदूरच्या रहिवाशांना आणखी एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. येथील तलाव सांडपाण्यामुळे उसळणाऱ्या फेसासाठी आणि २०१५, २०१७ व २०१८ मध्ये लागलेल्या आगींसाठी देशभर चर्चेत आला. वाऱ्याने रस्त्यावर उडालेला तो फेस त्वचेला लागून खाज किंवा जळजळ होऊ शकते. तो रसायनांच्या संपर्काचा दाह होय. तो फेस लागलेल्या जागीच राहतो आणि काही दिवस टिकू शकतो. थंडीची गांध बहुधा तासाभरात मागमूस न ठेवता विरते. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत दाखवायला काही उरत नाही, ही या रुग्णांची नेहमीची अडचण असते. मोबाइलवर काढलेले छायाचित्र अशा वेळी उपयोगी पडते.

खरा धोका पाण्यात

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या बेयर्ड हॉर्टन आणि जॉर्ज ब्राऊन यांनी १९२९ मध्ये थंडीमुळे सर्वांगीण प्रतिक्रिया आलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. पोहताना अशा रुग्णांची शुद्ध हरपू शकते, हे तेव्हापासून वैद्यकीय साहित्यात वारंवार नोंदले गेले आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. संपूर्ण शरीर एकदम पाण्यात गेल्यास सगळ्या त्वचेतून एकाच वेळी हिस्टामिन बाहेर पडते, रक्तदाब कोसळतो आणि भोवळ येते. जमिनीवर जो प्रसंग निभावला असता, तो पाण्यात बुडून मृत्यूस कारण होऊ शकतो. पोहता उत्तम येत असले तरी त्याचा उपयोग नसतो.

बेळ्ळंदूर परिसरातील बहुतेक मोठ्या गृहसंकुलांत पोहण्याचे तलाव आहेत आणि त्यांतले पाणी गरम केलेले असेलच, असे नाही. निदान झालेल्या व्यक्तीने एकट्याने पाण्यात उतरू नये, सूर मारू नये आणि तीव्र प्रतिक्रियेचा पूर्वानुभव असल्यास थंड पाण्यात पोहणे पूर्णपणे वर्ज्य करावे, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. हिमालयातील यात्रांमध्ये नदीत बुडी मारण्याचा आग्रह होतो, तेथेही हेच लागू. तांब्याभर कोमट पाण्याने पुण्य कमी होत असल्याचे कोठे ऐकिवात नाही.

दुसरा धोका घशाचा. आइस्क्रीम, बर्फाचा गोळा किंवा फ्रिजमधले सरबत घेतल्यावर ओठ, जीभ वा घसा सुजल्यास ते गंभीर लक्षण समजावे. तिसरा धोका रुग्णालयातला असून त्याची चर्चा फारच थोडी होते. शस्त्रक्रियागृहाचे तापमान कमी ठेवलेले असते, शिरेतून दिले जाणारे द्रव गार असू शकतात आणि भूल दिलेला रुग्ण खाज सुटल्याचे सांगू शकत नाही. त्यामुळे दंतवैद्यापासून भूलतज्ज्ञापर्यंत प्रत्येकाला हा विकार आधीच सांगितला पाहिजे. पूर्वसूचना मिळाल्यास द्रव कोमट करून देणे आणि रुग्णास उबदार ठेवणे कठीण नसते.

औषधे आणि दिनक्रम

उपचारात झोप न आणणाऱ्या किंवा कमी आणणाऱ्या नव्या पिढीच्या हिस्टामिनविरोधी गोळ्यांना पहिले स्थान आहे. लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन ही त्यांतली परिचित नावे. नेहमीच्या मात्रेने उतार न पडल्यास डॉक्टर ती चौपटीपर्यंत वाढवू शकतात, मात्र हा निर्णय रुग्णाने परस्पर घेऊ नये. क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या गोळ्या स्वस्त असल्या तरी त्यांनी गुंगी येते. रिंग रोडच्या गर्दीत वाहन चालवणाऱ्याला ती परवडणारी नाही. गोळ्यांनी न भागल्यास ओमालिझुमॅब हे त्वचेखाली टोचण्याचे औषध वापरले जाते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या नियंत्रित चाचणीत त्याचा लाभ दिसून आला. त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची आहे.

पूर्वी तीव्र प्रतिक्रिया येऊन गेलेल्यांनी ॲड्रेनालिन जवळ ठेवावे, असे सांगितले जाते. परदेशात त्याची तयार पेन मिळते. भारतात ती सर्वत्र सहज उपलब्ध नसल्याने कुपी व सिरिंज बाळगून इंजेक्शन देण्याची पद्धत कुटुंबीयांना शिकवून घ्यावी लागते. रोज थोड्या गार पाण्याने स्नान करून शरीराला सवय लावण्याचा उपायही वर्णिलेला आहे. तो जोखमीचा असून सातत्य तुटल्यास व्यर्थ जातो. घरच्या घरी तो करून पाहण्याचा मोह टाळावा.

दैनंदिन त्रासाचे मोठे कारण बंगळुरूत कार्यालयातील वातानुकूलन हेच आहे. ऊर्जा दक्षता विभागाच्या निकषांनुसार १ जानेवारी २०२० पासून खोलीसाठीच्या वातानुकूलन यंत्रांत २४ अंश हे मूळ तापमान ठरवून देण्यात आले. मोठ्या इमारतींतील केंद्रीय यंत्रणा मात्र बरेचदा त्याहून गार ठेवली जाते आणि शंभर जणांच्या दालनात एकासाठी तापमान वाढवण्यास कोणी राजी होत नाही. झोताखालची जागा बदलून मिळणे हा त्यातल्या त्यात व्यवहार्य तोडगा होय. त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र सादर करता येते. दिसत नसलेल्या आजाराचे कारण सांगण्यातला संकोच त्याने बराच कमी होतो. दुचाकीवर हातमोजे व वारा अडवणारे जाकीट, पावसाळ्यात पिशवीत कोरडे कपडे आणि फ्रिजमधील वस्तू काढताना हातात फडके, एवढी तयारी बहुतेकांना पुरते.

हा विकार साधारणतः पाच ते नऊ वर्षे टिकतो, असे निरनिराळ्या पाहण्यांतून दिसते. अनेकांत तो हळूहळू सौम्य होतो किंवा पूर्णपणे नाहीसा होतो, काहींत दीर्घकाळ राहतो. त्रास थांबल्यासारखा वाटला तरी पोहायला सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांकडून बर्फाची चाचणी पुन्हा करून घ्यावी.