मामाची मर्सिडीज : भंगार नाही, विंटेजही नाही

आजचा भाग मांडवा जेट्टीवरून, रो-रोच्या रांगेत, मामाच्या १९९६ च्या मर्सिडीज ई २२० मध्ये बसून. मामा नागावला राहतो. मासे आणायला अलिबागला जातो तोही याच गाडीने. यंदा तिचं रजिस्ट्रेशन संपतंय, आणि घरात एकच वाद : ठेवायची की भंगारात काढायची?

जरा मागे जाऊ. आपल्या आजोबांच्या पिढीने हा तीन टोकांचा तारा बहुतेक ट्रकवरच पाहिला. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार केला आणि पंधरा वर्षं टाटा-मर्सिडीज ट्रक देशभर धावले. कारला मात्र नव्वदचं दशक उजाडावं लागलं. १९९३ मध्ये कार बनवण्यावरचं लायसन्सचं बंधन गेलं. १९९४ मध्ये मर्सिडीज टेल्कोलाच सोबत घेऊन पुण्यात आली आणि १९९५ पासून तिथे कार जोडल्या जाऊ लागल्या. मॉडेल डब्ल्यू १२४. गंमत बघा, जर्मनीत त्याच वर्षी ई-क्लासचं नवं मॉडेल आलं. म्हणजे आपल्याला मिळालं ते मागचं व्हर्जन!

तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. मला विचाराल तर तोच फायदा झाला, कारण दहा वर्षं बग काढून झालेलं डिझाइन हाती आलं. एक बग मात्र उशिरा घुसला. नव्वदच्या सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये इंजिनच्या वायरिंगवरचं आवरण उष्णतेने भुगा होऊन गळायचं. मामाने ते अख्खं बदललंय.

आता खरा शत्रू खारा वारा. या गाडीच्या दारांखाली प्लास्टिकच्या रुंद पट्ट्या आहेत. दिसायला मस्त, पण आत ओल धरतात आणि मागचा पत्रा गुपचूप गंजतो. परवा पट्टी काढली तर जॅक लावायच्या जागी बोट आत गेलं. मामा दिवसभर गप्प होता.

आणि कायदा? खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, मग दर पाच वर्षांनी तपासणी. वीस वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी २०२५ मध्ये पाच हजारांवरून दहा हजार झाली, शिवाय ग्रीन टॅक्स. मग 'विंटेज' म्हणून नोंदवायची? २०२१ चा नियम सांगतो, त्यासाठी वय पन्नासच्या वर हवं. ते झालं तरी अशी गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. म्हणजे मामाला वीस वर्षं थांबावं लागणार, आणि मग मासे आणायला रिक्षा!

तर आज पत्र्याच्या कामासाठी तिला मुंबईला नेतोय. वेल्डिंगवाल्याने फोटो बघून 'आणा, बघू' एवढंच म्हटलंय. तपासणी पुढच्या महिन्यात आहे, काय होतं ते सांगेनच. थांबा, रांग हलली... मामा सेल मारतोय.